भेग लपते कुठे?

‘हाडाला चीर पडली तर एक्स-रे काढतात, मग अणुभट्टीच्या पाइपांचा का काढत नाहीत?’ असं बोईसरच्या एका वाचकाने विचारलं आहे. काढतात की! रीतही जुनी आहे. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या खुद्द राँटगेनने १८९६ मध्ये आपल्या शिकारीच्या बंदुकीचा एक्स-रे काढला होता आणि नळीच्या धातूतले दोष त्यात दिसले होते. आज पाइप जोडताना वेल्डिंगच्या एका बाजूला फिल्म लावतात आणि दुसऱ्या बाजूला बहुधा इरिडियम-१९२ असतं. त्यातून निघणारे गॅमा किरण एक्स-रेचेच भाऊबंद. जोडात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर फिल्मवर काळा ठिपका उमटतो.

भेग मात्र चकवते. ती पत्त्याच्या पानासारखी सपाट आणि पातळ असते. किरण पानाच्या कडेने शिरले तर त्यांच्या वाटेतलं पोलाद बरंच घटतं आणि काळी रेघ उमटते. तेच किरण पानाच्या तोंडावर आदळले, तर फरक मिलिमीटरच्या शतांशाचा. फिल्मवर काहीच दिसत नाही. शिवाय वापरातल्या भट्टीचे पाइप स्वतःच किरणोत्सारी झालेले असतात, त्याने फिल्म धुरकटते. म्हणून तिथे मुख्य भिस्त अल्ट्रासोनिकवर, म्हणजे भेगेवर आपटून परतणाऱ्या ध्वनीवर.

तोही हमखास नाही. अमेरिकेतल्या नाइन माइल पॉइंट भट्टीत १९८२ मध्ये पाइपमधून पाणी झिरपलं, तेव्हा भेगा कळल्या. आधीच्या अल्ट्रासोनिक तपासणीत त्या निसटल्या होत्या. त्या पडल्या कशा? वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम कार्बन बळकावतो, धातूच्या कणांच्या सीमा दुबळ्या होतात आणि तापलेलं, ऑक्सिजनयुक्त पाणी तिथूनच धातू पोखरत जातं. तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्याही नाइन माइल पॉइंटसारख्याच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या.

फ्रान्समधल्या पाँली इथली, २०२३ मध्ये जाहीर झालेली भेग मला फार महत्त्वाची वाटते. तिथली भट्टी वेगळ्या जातीची, तरी २७ मिलिमीटर जाडीच्या पाइपात, एका जोडापाशी, भेग तब्बल २३ मिलिमीटर खोल गेली होती! या जोडाला धोका नाही, असंच धरून चाललं होतं. पण भट्टी बांधतानाच तो दोनदा दुरुस्त केलेला होता आणि अशा दुरुस्तीने धातूत ताण साठून राहतो. यंत्रं अधिक तीक्ष्ण व्हायलाच हवीत. पण ती कुठल्या जोडावर लावायची, हे जुन्या नोंदवहीत सापडतं. पाँलीनंतर फ्रान्सने दुरुस्त केलेल्या जोडांची तपासणी अग्रक्रमाने हाती घेतली.