लाळ्या-खुरकुताचा विषाणू आणि माणदेशातील पशुधन

लाळ्या-खुरकुताने मोठे जनावर सहसा दगावत नाही, आणि म्हणूनच या रोगाकडे दुर्लक्ष होते. परंतु त्यातून उठलेला खिलार बैल पुष्कळदा उन्हात धापा टाकू लागतो व औताला पूर्वीसारखा चालत नाही. वासरे मात्र हृदयाचा स्नायू बिघडून अचानक मरतात.

या विषाणूचे एकंदर सात प्रकार असून भारतात सध्या ‘ओ’, ‘ए’ व ‘एशिया-१’ हे तीन महत्त्वाचे होत. ‘सी’ प्रकार येथे १९९५ नंतर आढळलेला नाही. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून रक्षण करीत नाही. शिवाय विषाणूच्या जननद्रव्याची नक्कल होताना पडणाऱ्या चुका दुरुस्त होत नसल्यामुळे एकाच प्रकारातही त्याचे बाह्य कवच बदलत राहते, व जुन्या लशीने निर्माण झालेली प्रतिद्रव्ये त्यास नीट ओळखेनाशी होतात. याच कारणास्तव ‘ए’ प्रकाराच्या लशीतील १९८२ सालचा वाण बाजूस सारून २००० साली मिळालेला वाण घेण्यात आला.

माणदेशात खरी अडचण जनावरांच्या हालचालीची आहे. पावसाळा सरताच धनगरांचे कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतात. मेंढीत रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की, तिचे लंगडणे काट्याकुट्याचे समजले जाते. खरसुंडीच्या यात्रेत गावोगावची खिलारे एकत्र येतात. दुष्काळात, जसे २०१२-१३ मध्ये, चारा छावणीत हजारो जनावरे शेजारी-शेजारी बांधली जातात. विषाणूस याहून सोयीची जागा कोणती असणार? गावात मोकळी फिरणारी डुकरेही विचारात घ्यावयास हवीत. आजारी डुक्कर श्वासावाटे गाई-बैलांच्या कितीतरी पट विषाणू बाहेर टाकते. मात्र बऱ्या झालेल्या डुकरात तो टिकत नाही, तर गाई-म्हशींच्या घशात महिनोन्महिने राहू शकतो.

२०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सहामाही लसीकरण सुरू झाले. लशीचे संरक्षण निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा कळप निघण्यापूर्वी, तसेच बाजार वा छावणीपूर्वी, तितका अवधी ठेवूनच लस टोचली पाहिजे. रोगी जनावर वेगळे बांधून गोठा धुण्याच्या सोड्याच्या ४ टक्के द्रावणाने धुवावा. तो गावच्या दुकानात मिळतो.