विश्लेषण : घरचा सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी राऊटरचे ‘दार’ उघडावे का?

गावचे घर कुलूपबंद आणि मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, असे चित्र आता नवे नाही. अशा घरांना कॅमेरे बसवले जातात. मात्र ते दुरून मोबाइलवर पाहायचे, तर इंटरनेटवरून घरात शिरण्यासाठी वाट करावी लागते. ती चुकीची झाली तर मालकाच्या मागोमाग चोरही आत येतो.

बाहेरून येणारी जोडणी का अडते?

इंटरनेट कंपनी साधारणपणे घराला एकच सार्वजनिक आयपी पत्ता देते. घरातील टीव्ही, मोबाइल, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना राऊटर खासगी पत्ते वाटतो. ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर कोणाला द्यायचे, हे राऊटरला ठाऊक असते. बाहेरून आपणहून आलेली जोडणी मात्र तो नाकारतो. फ्लॅट क्रमांक न सांगणाऱ्या पाहुण्याला सोसायटीचा वॉचमन गेटवरच थांबवतो, तसेच हे.

‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणजे काय?

‘अमुक पोर्टवर आलेली जोडणी तमुक उपकरणाकडे पाठव’ हा राऊटरला दिलेला नियम. त्यासाठी आधी रेकॉर्डरचा खासगी पत्ता कायम करावा, अन्यथा तो बदलताच नियम निरुपयोगी ठरतो. रेकॉर्डिंग संगणकावर होत असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही तेवढ्याच पोर्टला परवानगी द्यावी. अख्खी फायरवॉल बंद करणे हा उपाय नव्हे. चाचणी वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर करावी.

सगळे करूनही जोडणी होत नसेल तर?

आयपीव्ही-४ पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते अपुरे पडल्याने अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. राऊटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला, तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी घरच्या राऊटरमधील नियम कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा लागतो.

धोका किती?

इंटरनेटवर उघडी पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात ही उपकरणे वापरली गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा विस्कळीत झाल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा त्याचा पत्ताही नव्हता.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

रेकॉर्डर थेट उघडा ठेवण्याऐवजी राऊटरवर व्हीपीएन सुरू करून केवळ त्याचेच पोर्ट उघडावे. मूळ पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत ठेवावे. उपकरणांना परस्पर पोर्ट उघडू देणारी ‘यूपीएनपी’ सुविधा बंद ठेवावी. आणि गरज संपताच नियम काढून टाकावा.