घरच्या ओल्या कचऱ्याचें खत

पूर्वीं खेड व हवेली तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरामागें उकिरडा असावयाचाच. गोठ्यांतील शेण, जनावरांनीं टाकलेली वैरण, चुलींतील राख व घरांतील केर हें सर्व तेथें जाई आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गाड्या भरून शेतांत पोंचे. पुढें भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने झाले, जमिनीचा मोठा भाग त्यांत गेला, पुष्कळ घरांतून बैल व गाई गेल्या आणि त्यांच्यामागून उकिरडाहि गेला. आतां भाजीचे देठ, फळांच्या साली व शिळें अन्न घंटागाडींत पडतें. महापालिकेच्या हद्दींत असल्यास त्याची वाट मोशीच्या डेपोकडे लागते. आणि तोच शेतकरी चैत्र-वैशाखांत शेणखताच्या ट्रॉलीसाठीं पैसे मोजतो. खत व्हावयाचा माल दारांतून फुकट घालवावयाचा आणि खत विकत घ्यावयाचें, हा व्यवहार शेतकऱ्याच्या हिशेबांत बसणारा नव्हे.

मात्र आरंभींच हिशेब स्वच्छ मांडलेला बरा. पांच माणसांच्या घरांत रोज सव्वा किलो ओला कचरा निघतो असें धरल्यास वर्षाचा सुमारें साडेचारशें किलो होतो. कुजून त्याचें खत, मिसळलेला पालापाचोळा धरूनहि, दीडशें ते दोनशें किलोंच्या आंतबाहेर होईल. एकरीं पांच टन हें प्रमाण धरलें तर गुंठ्यास सव्वाशें किलो लागतें. म्हणजे एका घराच्या कचऱ्यावर दीड गुंठा जमीन पोसली जाईल. परसबागेस व भाजीच्या वाफ्यांस तेवढें पुरतें, शेतास पुरत नाहीं. परंतु या भागांत आज अनेक शेतकरी कामगारांना खोल्या भाड्यानें देतात. अशा दहा बिऱ्हाडांचा ओला कचरा एकत्र केल्यास दीड टनापर्यंत खत हातीं येतें, आणि मळ्यांतील दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा दरवर्षीं त्यावर निघतो.

दुसरी गोष्ट, हें खत युरियाची जागा घेणार नाहीं. चांगल्या कंपोस्टांत नत्र शेंकडा एकच्या आसपास असतें. दोनशें किलो खतांत नत्र दोन किलो, तर ४५ किलोंच्या युरियाच्या एका पोत्यांत वीस किलोंहून थोडें अधिक. खताचा खरा उपयोग निराळा आहे. त्यानें जमिनींत सेंद्रिय द्रव्य वाढतें, जमीन भुसभुशीत राहते, पाण्याची धारणा वाढते आणि दिलेलें वरखत वाहून न जातां पिकास लागू पडतें. नुसत्या पोत्यांवर चालविलेल्या जमिनीस जें कमी पडतें तें हेंच होय.

उकिरडा आणि कंपोस्ट हीं एक नव्हेत. उकिरड्यांत माल जसा येईल तसा पडतो, उन्हानें वाळतो, पावसानें धुपतो, आणि नत्राचा बराच अंश हवेंत व पाण्यांत जातो. कंपोस्टांत मालाचें मिश्रण, ओलावा व हवा हीं तिन्ही आपल्या हातीं असतात. या विषयाचें शास्त्रीय काम आपल्याच देशांत झालें. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथील संस्थेंत प्रयोग केले, आणि १९३१ सालीं त्यांचा व यशवंत वाड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंदूर पद्धतींत खड्डा तीन फूट खोल ठेवून माल तीन वेळां उलथतात व तीन महिन्यांत खत तयार होतें. पुढें बंगलोर येथें डॉ. सी. एन. आचार्य यांनीं शहरांतील कचऱ्यासाठीं निराळी पद्धति बसविली; तींत थर चढवून वरून माती लिंपतात व उलथीत नाहींत, पण वेळ दुप्पट लागतो. घरीं माणूसबळ असेल त्यानें पहिली घ्यावी, नसेल त्यानें दुसरी.

कुजविण्याचें काम सूक्ष्म जंतु करतात. त्यांना एक भाग नत्रामागें सुमारें तीस भाग कर्ब हवा असतो. स्वयंपाकघरांतील ओल्या कचऱ्यांत नत्र अधिक व पाणी फार, तर वाळलेल्या पानांत कर्ब अधिक. म्हणून ओला कचरा एक बादली पडला कीं वाळलेला पाला दोन-तीन बादल्या पडलाच पाहिजे. बहुतेकांचा उद्योग येथेंच फसतो. पाला नाहीं म्हणून नुसता ओला कचरा टाकला जातो, आठ दिवसांत दुर्गंधि सुटते, शेजारी तक्रार करतात आणि खड्डा बुजविला जातो. पानगळीच्या दिवसांत पाला पेटवून न देतां पोत्यांत भरून ठेवावा. वर्षभर खड्डा त्यावरच चालतो.

तीन फूट लांब, तीन रुंद व तीन खोल असे दोन खड्डे, पाणी न तुंबणाऱ्या जागीं, विहिरीपासून दूर व झाडाच्या सावलींत घ्यावे. तळाशीं तुरीच्या काड्या किंवा डहाळ्या पसराव्या. रोजचा ओला कचरा पसरून वर पाला आणि मूठभर जुनें खत किंवा माती टाकावी. शेण मिळाल्यास पंधरवड्यांतून एकदां काला करून शिंपडावा. माल मुठींत दाबला असतां हात ओला व्हावा, पण धार लागूं नये. घाण वास आला तर पाणी अधिक झालें असें समजून माल उलथावा व पाला वाढवावा. मुंग्या लागल्या तर कोरडें पडलें. पांढुरक्या, जाडसर अळ्या दिसल्या तर भिऊं नये, त्या माल खाऊन कुजविण्यास मदतच करतात. एक खड्डा भरला कीं दुसरा सुरू करावा. पावसाळ्यांत वर पत्रा हवाच, नाहींतर सारें सत्त्व वाहून जाईल.

एका घराचा खड्डा फारसा तापत नाहीं. मोठा ढीग पंचावन्न ते पांसष्ट अंशांपर्यंत तापतो व त्यांत तणाचें बीं आणि रोगजंतु बहुतांशीं मरतात. म्हणून लहान खड्ड्यांत बीं धरलेलें गाजरगवत टाकूं नये. फुलावर येण्यापूर्वीं उपटलेलें चालेल. चाकणच्या बाजारांतील सडका कांदा-बटाटा फुकट मिळतो खरा, पण त्याचें थंड खड्ड्यांतील खत पुन्हां कांद्याच्या किंवा बटाट्याच्या वावरांत नेऊं नये. मासळी व मांस यांनीं कुत्रीं व घुशी येतात, तें टाळावें.

या पट्ट्यांत विशेष जपावयाचें तें कारखान्याच्या मालास. प्लायवुडचा भुसा, रंग दिलेल्या फळ्या, तेलकट चिंध्या, यंत्राखालचा कीस हें फुकट मिळालें तरी खड्ड्यांत घेऊं नये. परदेशीं मालाच्या लाकडी पेट्यांवर ‘एच. टी.’ हा शिक्का असल्यास लाकूड उष्णतेनें शुद्ध केलेलें असतें, ‘एम. बी.’ असल्यास विषारी वायूचा प्रयोग झालेला असतो, तें लाकूड घेऊंच नये. घरांतील घातक वस्तूहि तशाच. बॅटरीचा सेल कुजत नाहीं, त्यांतील धातु मातींत राहतात. पानांबरोबर आलेलें प्लास्टिक नांगरटीखालीं तुकडे तुकडे होऊन पसरतें. एकदां वावरांत गेलेलें असलें द्रव्य चाळून काढतां येत नाहीं, आणि जमीन तर पुन्हां मिळणारी नाहीं.

यामुळें खरें काम खड्ड्याशीं नसून बादलीशीं आहे. ओला, सुका व घातक कचरा निरनिराळा ठेवणें २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं बंधनकारक केलें. पण नियमानें बादली वेगळी होत नाहीं. भाडेकरू मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेले असतात व त्यांतील बरेच स्वतः शेतकरीच असतात. खड्डा कशासाठीं आहे हें त्यांस दाखवून द्यावें, प्रत्येक बिऱ्हाडास झांकणाची एक बादली घरधन्यानें द्यावी आणि खत झाल्यावर वाफ्यांतील मेथी-कोथिंबिरीची जुडी त्यांच्या घरीं पोंचवावी. दंडाच्या पाटीपेक्षां याचा परिणाम अधिक होतो.

भरलेल्या खड्ड्यांतील माल तीन ते चार महिन्यांत काळा, सुटा व पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वासाचा झाला म्हणजे काढावा, अर्ध्या इंचाच्या जाळींतून चाळावा व पंधरा दिवस सावलींत ठेवून मग वापरावा. जाळीवर राहिलेला जाड भाग नव्या खड्ड्याच्या तळाशीं टाकावा.