गाडी कंपनीची, गुन्हा बाईचा?

विनाचालक गाड्यांचा विषय निघाला, की एक कोडं हमखास घातलं जातं. समोर एकीकडे आजीबाई, दुसरीकडे लहान मूल. गाडीनं कुणाला वाचवायचं? जर्मन सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनं २०१७ मध्ये याचं उत्तर देऊन टाकलं : वय किंवा स्त्री-पुरुष असा भेद गाडीनं करायचाच नाही. ठीक आहे. पण प्रत्यक्षात जे घडलं, त्यात असं कोडंबिडं काही नव्हतंच.

१८ मार्च २०१८ची रात्र. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. तिथं झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. उबर कंपनीच्या, चाचणीसाठी फिरणाऱ्या स्वयंचलित गाडीनं तिला उडवलं. अशा गाडीच्या धडकेत पादचारी दगावल्याची ही पहिलीच घटना.

गाडीला ती दिसली नाही का? दिसली की! चांगली ५.६ सेकंद आधी. पण हे वाहन, की सायकल, की आणखी काही, याबद्दल यंत्रणा सारखं मत बदलत राहिली. क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्त्यात येतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. (आपल्याकडे काय झालं असतं, कल्पनाच करा!) मूळ गाडीतला आपोआप लागणारा ब्रेकही कंपनीची यंत्रणा चालू असताना बंद ठेवलेला.

स्टिअरिंगमागे लक्ष ठेवायला एक महिला होती. तिच्या फोनवर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता, असं तपासात निघालं. तिची चूक होतीच. पण आधी अशा गाडीत दोघं असायची. कंपनीनं काही महिन्यांपूर्वी एकच माणूस ठेवला होता. आणि तासन्‌तास काहीही न करता नुसतं टक लावून बसायचं, हे कुणाला जमतं हो?

कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये आरोप ठेवला गेला तो त्या बाईवर. २०२३ मध्ये तिनं कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

ब्रिटननं २०२४ मध्ये केलेला कायदा मला म्हणूनच पटतो. गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली, याचा जाब आत बसलेल्याला नाही, परवाना घेणाऱ्या कंपनीला विचारायचा.

आपल्याकडे चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून या गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी २०१७ मध्येच म्हणाले होते. पण आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या शोरूममध्ये आल्याच आहेत. घ्यायला गेलात, तर विक्रेत्याला एवढं जरूर विचारा : रात्रीच्या अंधारात, साडी नेसलेली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मध्येच रस्ता ओलांडणारी बाई हिला ओळखू येते का?