फंक्शनला आपलं नाव ठाऊक असतं का?

प्रोग्राम चालू असताना फंक्शनला विचारलं की ते आपलं नाव सांगतं, असा पायथॉन किंवा जावाकडून फंक्शनल भाषांकडे वळणाऱ्या अनेकांचा समज असतो. गरज खरी आहे. चूक कुठल्या फंक्शनमध्ये झाली, हे लॉगमध्ये छापायचं असतं.

वस्तुस्थिती अशी की या भाषांत फंक्शन हे ५ या आकड्यासारखंच एक मूल्य आहे. आणि एकाच मूल्याला अनेक नावं असू शकतात. विनायक नरहरी भाव्यांना लोक विनोबा म्हणत. माणूस एक, नावं दोन. कोणतं वापरायचं ते हाक मारणारा ठरवतो. फंक्शनचंही तसंच. लॅम्डाचं, म्हणजे निनावी फंक्शनचं, तर बारसंच झालेलं नसतं.

‘एरलँगमध्ये फंक्शनची माहिती देणारं फन-इन्फो आहे, मग अडचण कसली?’ हे अर्धंच खरं. मॉड्यूलच्या नावासकट घेतलेल्या फंक्शनचं नाव अचूक मिळतं. निनावी फंक्शनला मात्र कंपायलरने रचलेलं नाव असतं: ते ज्या फंक्शनात लिहिलं त्याचं नाव आणि पुढे एक क्रमांक. कोड बदलला की हा क्रमांकही बदलू शकतो. ही सोय मुख्यतः डीबगिंगसाठी आहे, असं एरलँगची माहितीपुस्तिकाच सांगते.

‘हॅस्केलला फंक्शनचं नाव सांगणं जमत नाही, म्हणजे भाषा अपुरी’ हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. एक फंक्शन संख्येला दोनने गुणतं, दुसरं ती संख्या तिच्यातच मिळवतं. उत्तरं नेहमी सारखी, म्हणून एकाच्या जागी दुसरं ठेवलं तरी प्रोग्रामचा अर्थ बदलता कामा नये. नाव विचारायची मुभा दिली, तर ही दोन फंक्शनं वेगळी ठरतील आणि ज्या समीकरणांच्या भरवशावर कंपायलर कोड वेगवान करतो, तीच खोटी पडतील. नाव न सांगणं हा हॅस्केलचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

स्टॅक ट्रेसवरही डोळे मिटून विसंबू नये. एखाद्या फंक्शनाचं शेवटचं काम दुसऱ्याला बोलावणं हेच असेल, तर एरलँगमध्ये पहिल्याची फ्रेम उरत नाही आणि ट्रेसमध्ये त्याचं नाव दिसत नाही.

लॉगसाठी नाव कंपाइल होतानाच घ्यावं. एरलँगमध्ये ओटीपी १९ पासून आणि ओकॅमलमध्ये ४.१२ पासून त्याची सोय आहे. हॅस्केलमध्ये हॅज-कॉल-स्टॅक वापरून हाक कुठून आली ते कळतं. आणि प्रोग्रामचा एखादा निर्णयच नावावर ठरणार असेल, तर नाव आणि फंक्शन यांची जोडी करून ती जोडीच पुढे पाठवा.