सर्दीच्या गोळीनं दम वाढतो?

थंडीच्या दिवसांत अलिबाग, पेण, उरणच्या गावांत कबड्डीचे सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. नाक चोंदलेल्या चढाईपटूला हमखास सल्ला मिळतो: सर्दीची गोळी टाक, दम वाढेल.

दम वाढत नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, सूज उतरते, नाक मोकळं होतं. स्नायूंना प्राणवायू काही जास्त मिळत नाही. नेहमीच्या ६० मिलिग्रॅम मात्रेनं खेळ सुधारल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. मात्र हे उत्तेजकही आहे. २००६ च्या एका अभ्यासात वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे १७५ मिलिग्रॅम दिल्यावर १५०० मीटर धावण्याची वेळ दोनेक टक्क्यांनी घटली.

म्हणून तीन गोळ्या एकदम? नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते. त्वचेतल्या रक्तवाहिन्याही आकसतात, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला अडचण होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, जिथे घामच लवकर वाळत नाही, हा शुद्ध वेडेपणा.

‘दुकानात मिळते, म्हणजे चालते’ हा समज तर पदक घालवणारा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाची १६ वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान हिचं सुवर्णपदक अशाच गोळीपायी गेलं. गोळी संघाच्या डॉक्टरांनीच दिली होती. २००४ मध्ये स्यूडोएफेड्रिन खेळांतल्या बंदीच्या यादीतून निघालं, २०१० पासून पुन्हा आलं. आता स्पर्धेदरम्यान लघवीत मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं, तर खेळाडू दोषी.

सगळ्या गोळ्या सारख्याही नसतात. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत आता फेनिलेफ्रिन असतं. त्यावर बंदी नाही; पण तोंडावाटे घेतल्यास त्यानं नाक मोकळं होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. जोडीला क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं पेंग येते. पेंगुळलेला खेळाडू कोपऱ्यात पकडीला उभा राहिला, तर गुण कुणाला जाणार हे सांगायला नको!

गावच्या मैदानावर नमुना घ्यायला सहसा कुणी येत नाही. मोठ्या स्पर्धेत ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं पथक येऊ शकतं. तेव्हा पाकिटावरचे घटक वाचा, ‘मी खेळाडू आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा आणि स्यूडोएफेड्रिन असेल तर सामन्याच्या किमान २४ तास आधी थांबवा. नियमानं स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनीच सुरू होतो.