रुळाशेजारी काम करणाऱ्यांनो, कानावर विसंबू नका

आरोग्याच्या सदरात रेल्वेचा विषय कसा आला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जी इजा दवाखान्यात पोहोचेपर्यंत बहुधा हाताबाहेर गेलेली असते आणि जी टाळण्याचा उपाय मात्र साधा असतो, तिचा विचार आरोग्याच्या सदरातच व्हायला हवा. रेल्वेरुळाजवळ काम करताना होणारे अपघात या प्रकारचे आहेत. गोवराची लस जशी गोवर येण्याआधी टोचायची असते, तसे या कामाचे सुरक्षा प्रशिक्षण पहिले फावडे उचलण्याआधी द्यायचे असते. नंतर त्याचा उपयोग नाही.

लोहमार्गाच्या कडेला राबणारी सारीच माणसे रेल्वेच्या नोकरीत नसतात. नवी मार्गिका टाकणे, केबलसाठी चर खणणे, नाले उपसणे, पूल रंगवणे, भिंत बांधणे, कचरा वेचणे अशी अनेक कामे कंत्राटदारामार्फत होतात. रेल्वेचा गँगमन मुकादमाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून रुळाची रीत शिकतो. कंत्राटी मजूर मात्र सुगी आटोपली की गावातून येतो, अंगात नारिंगी जाकीट घालतो, हातात घमेले घेतो आणि दुसऱ्याच दिवशी रुळाशेजारी उभा राहतो. जाकिटामुळे तो इंजिन चालकाला दिसतो हे खरे. पण जाकीट गाडी थांबवत नाही. भरधाव जाणारी भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावरही सुमारे एक किलोमीटर पुढे जाऊ शकते.

२ नोव्हेंबर २०२४ रोजी केरळमध्ये शोरनूरजवळच्या भारतपुळा नदीवरील रेल्वेपुलावर कचरा गोळा करणारे ४ कंत्राटी सफाई कामगार केरळ एक्सप्रेसखाली सापडून मरण पावले. ते तमिळनाडूतून पोटासाठी आलेले होते. आपल्या राज्यात १३ फेब्रुवारी २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यातील लासलगावजवळ रेल्वेचे ४ ट्रॅकमन टॉवर वॅगनच्या धडकेने दगावले. २२ जानेवारी २०२४ रोजी वसई रोड व नायगावच्या दरम्यान सिग्नल विभागाच्या ३ कर्मचाऱ्यांना लोकलची धडक बसून मृत्यू आला. रोज रुळावर वावरणाऱ्या माणसांची ही गत, तर काल कामावर आलेल्या मजुराचे काय?

अशी बातमी वाचली की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : एवढी मोठी गाडी आली, ती ऐकू कशी आली नाही? दिसली कशी नाही? मग आपणच उत्तर देतो की माणूस बेसावध होता. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. चांगले कान, चांगले डोळे आणि कामावर चांगले लक्ष असलेला माणूसही गाडीखाली सापडू शकतो. नव्हे, कामावर फार चांगले लक्ष असलेलाच जास्त सापडतो.

कान का फसतो?

मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. काँक्रीट फोडण्याचे यंत्र, ड्रिल किंवा जनरेटर जवळ चालू असेल, तर दुरून येणाऱ्या गाडीचा आवाज कानावर पडूनही मेंदूला तो वेगळा ओळखता येत नाही. त्यात आता गाड्याही पूर्वीइतक्या गडगडत येत नाहीत. वेल्डिंग करून जोडलेल्या लांब रुळांमुळे सांध्यांवरची खडखड कमी झाली आणि विजेच्या इंजिनाला डिझेल इंजिनासारखा धडधडाट नसतो. वारा उलट दिशेने वाहत असला, मार्ग वळणाचा असला किंवा डोंगर कापून काढलेला असला, की आवाज आणखी उशिरा कळतो. सर्वांत घातक प्रसंग दोन गाड्यांचा. शेजारच्या मार्गावरून मालगाडी जात असते, तिच्या आवाजात आपल्या मार्गावरची गाडी हरवून जाते.

सतत ८५ डेसिबलच्या वर आवाजात काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू कमी होते, म्हणून अशा यंत्रावर कानात बोळे किंवा कानपट्टी घालणे जरूर आहे. पण कान झाकले की गाडी आणि शिट्टी दोन्ही ऐकू येणार नाहीत. तेव्हा अशा कामगाराला केवळ शिट्टीने इशारा देऊन चालत नाही. जवळ उभे राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस नेमावा लागतो.

डोळा का फसतो?

आडवी जाणारी गाडी किती वेगात आहे हे डोळ्याला चटकन कळते. सरळ आपल्या अंगावर येणारी गाडी मात्र बराच वेळ जागेवर उभी असल्यासारखी भासते. इंजिनाची रुंदी सुमारे ३ मीटर धरा. ८०० मीटरवर ते हात लांब करून धरलेल्या आगकाडीच्या जाडीएवढे दिसते. ४०० मीटरवर आले तरी दोन काड्यांएवढेच. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या गाडीला हे अंतर तोडायला फक्त १३ सेकंद लागतात. एवढ्या वेळात डोळ्याला दिसलेला फरक एका काडीचा! पुढे ती एकदम मोठी होते, पण तोवर उरलेला वेळ संपत आलेला असतो. “अजून लांब आहे, एवढा नट पिळून घेतो” हे वाक्य म्हणूनच घात करते.

लक्ष का फसते?

३ जुलै २०१९ रोजी ब्रिटनमधील वेल्स प्रांतात मारगम येथे रुळाचे बोल्ट घट्ट करणारे दोन कामगार गाडीखाली ठार झाले. सरकारी चौकशीत असे आढळले की यंत्राचा आवाज मोठा होता, कानांवर संरक्षक होते आणि गाडीवर नजर ठेवायला कोणाचीही रीतसर नेमणूक नव्हती. जे ते आपापल्या कामात गढून गेले होते. मेंदूची ठेवणच अशी आहे की एका कामात तो बुडाला की बाजूचे दिसणे-ऐकणे आपोआप मंदावते. कामसू माणसाचा हा गुणच रुळावर त्याचा वैरी होतो.

सेकंदांचा हिशेब

ताशी ११० किलोमीटर म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३० मीटर. ६०० मीटरवर दिसलेली गाडी २० सेकंदांत अंगावर येते. आता मजुराचा वेळ मोजा. इशारा कळायला, कमरेतून ताठ व्हायला, पहार-घमेले उचलायला आणि खडीवरून तोल सांभाळत बाजूला जायला १० सेकंद सहज जातात. अमेरिकेत १९९७ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे गाडी पोहोचण्याच्या किमान १५ सेकंद आधी प्रत्येक कामगार सुरक्षित जागी पोहोचलेला असावा लागतो, आणि हा नियम कंत्राटदाराच्या माणसांनाही लागू आहे. दोन्ही मिळून २५ सेकंद झाले. म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाला गाडी सुमारे ७६० मीटरवर दिसायला हवी. गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाची असेल तर ९०० मीटरवर. वळणामुळे किंवा झाडीमुळे एवढ्या लांबचे दिसत नसेल, तर पुढे आणखी एक माणूस उभा केला पाहिजे किंवा वाहतूक थांबवून, म्हणजे ब्लॉक घेऊन, काम केले पाहिजे.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

आपल्या रेल्वेच्या नियमांप्रमाणे चालू मार्गालगत कंत्राटदाराचे काम रेल्वेच्या सुपरवायझरच्या उपस्थितीतच सुरू करायचे असते. कंत्राटदाराच्या सुपरवायझरला नियम समजावून रेल्वेचे सहायक अभियंता सक्षमतेचा दाखला देतात. तो ज्या कामासाठी दिला त्याच कामापुरता चालतो. रुळाच्या मध्यापासून साडेतीन मीटरवर चुन्याची रेषा आखायची असते. ट्रक, जेसीबी किंवा पोकलेन यांचा कोणताही भाग तिच्या आत येता कामा नये. हे कागदावर ठीक आहे. पण दाखला सुपरवायझरच्या खिशात राहिला आणि त्यातला मजकूर मजुराच्या डोक्यात उतरला नाही, तर त्याचा लाभ काय?

म्हणून मजुराचे प्रशिक्षण त्याच्या बोलीत व्हावे. मराठी, हिंदी, तेलुगू, पावरी, जी त्याला कळते तीत. नुसते भाषण नको, कवायत हवी. शिट्टी वाजवून सर्वांना दोन-तीन वेळा खरोखर बाजूला जायला लावावे आणि घड्याळ लावून वेळ मोजावा. त्यात या गोष्टी पक्क्या व्हाव्यात :

१. गाडीवर नजर ठेवणाऱ्या माणसाने दुसरे कोणतेही काम करायचे नाही. त्याला ‘जरा पाणी आण’ असे सांगणे म्हणजे सर्वांच्या जिवावर उठणे.

२. इशारा मिळताच सर्वांनी ठरलेल्या एकाच बाजूला जायचे. शेजारच्या रुळावर कधीही सरकायचे नाही. पुलावर काम असेल तर आसऱ्याची जागा आधी पाहून ठेवायची.

३. अवजार अडकले तर सोडून द्यायचे आणि लगेच ओरडून सांगायचे. दोनशे रुपयांच्या पहारीसाठी परत वळू नये.

४. वेळापत्रकावर भरवसा ठेवू नये. मालगाडी, रिकामे इंजिन, दुरुस्तीचे वाहन केव्हाही आणि कोणत्याही दिशेने येऊ शकते. लासलगावची घटना हेच सांगते.

५. गाडी गेल्यावर लगेच रुळावर येऊ नये. पहाऱ्यावरच्या माणसाने दोन्ही दिशा पाहून खूण केल्यावरच यावे.

डोक्यावरची वीज

आपल्याकडचे बहुतेक सर्व ब्रॉडगेज मार्ग आता विजेवर चालतात. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे लोकार्पणही जून २०२२ मध्ये झाले. रुळावरील तारेत २५ हजार व्होल्ट दाब असतो. घरातल्या विजेला हात लागला तर धक्का बसतो. या तारेला हात लावायचीही गरज नसते. जवळ गेले तरी ठिणगी झेप घेऊन येते आणि अंग भाजून निघते. म्हणून तारेपासून दोन मीटरच्या आत वीज बंद झाल्याच्या लेखी परवान्याशिवाय जायचे नाही. माणसाबरोबर त्याच्या हातातली वस्तूही मोजायची. लोखंडी शिडी, सळई, पत्रा, धातूची मोजपट्टी, ओला बांबू, ओला दोर या सर्वांतून वीज येते. उभ्या वॅगनच्या टपावर तर कोणत्याही कारणाने चढू नये.

ऊन, थकवा आणि नशापाणी

हवेचे तापमान ४५ अंश असते तेव्हा रूळ ६० अंशांच्या वर तापू शकतो. अशा वेळी शरीरातले पाणी कमी झाले की डोके जड होते, प्रतिसाद मंदावतो आणि सेकंदांचा हिशेब चुकतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. दुपारचे जड काम सकाळी उरकावे. सावली नाही म्हणून मजूर उभ्या वॅगनखाली बसतात. इंजिन जोडले गेले की ती वॅगन हलते. रुळावर बसणे-पडणे तर सर्वस्वी वर्ज्य. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर थकून झोपले आणि मालगाडीखाली गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. दमलेल्या शरीराला जवळून जाणारी गाडीही जागे करीलच असे नाही. दारू घेतलेल्या किंवा रात्रपाळी करून आलेल्या माणसाला त्या दिवशी रुळावर घेऊ नये.

अपघात झालाच तर

प्रथम दुसरा अपघात टाळा. स्टेशन मास्तरला कळवून गाड्या थांबवा. विजेच्या धक्क्याने पडलेला माणूस तारेला चिकटलेला किंवा तारेजवळ असेल, तर वीज बंद करून तार जमिनीला जोडल्याची खात्री होईपर्यंत त्याला शिवू नका. लाकडी काठीचा घरगुती उपाय येथे चालत नाही. वीज बंद झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. हात किंवा पाय तुटला असेल आणि रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा करकचून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट मांसाला लावू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि रेल्वेच्या मदतीसाठी १३९ हे क्रमांक प्रत्येक मजुराला पाठ असावेत.

घरच्यांनी विचारावयाचे प्रश्न

ज्यांच्या घरातील माणूस अशा कामावर जातो, त्यांनी आज रात्री जेवताना त्याला चार प्रश्न विचारावेत. गाडीवर नजर कोण ठेवतो आणि तो दुसरे काही करतो का? गाडी आली तर कोणत्या बाजूला जायचे? वरची तार चालू आहे की बंद, हे कोण सांगते? रेल्वेचा सुपरवायझर जागेवर असतो का? या प्रश्नांची उत्तरे पटकन देता आली नाहीत, तर त्याचे प्रशिक्षण झालेले नाही असे समजावे.

कंत्राटदारांनाही एक सांगणे आहे. सकाळी पंधरा मिनिटे समजावण्यात गेली म्हणून काम बुडत नाही. पहाऱ्याला एक माणूस जास्त लावला तर त्याची एक मजुरी जाते. ती वाचवायला गेलात तर एखाद्या घराचा कर्ता माणूस जातो. आणि “इथे धोका वाटतो, मी रुळावर येत नाही” असे एखाद्या मजुराने म्हटले, तर त्याला कामचुकार ठरवून घरी पाठवू नका. त्या दिवशी तुमच्या टोळीत शुद्धीवर असलेला कदाचित तोच एकटा असेल.